सापसुरळीच्या आधी पाणी

"झंडा किधर जाता है? झंडा!"

सर्वेचा गोरा साहेब असा ओरडला, की घिरट्या घालणारी गिधाडं खाली बसली.

मी थिओडोलाइटला डोळा लावला. हे दोन शिखरांमधला कोन मोजायचं यंत्र. समोरच्या शिखरावर दगडांचा ढीग रचलेला असतो, तिथे खलाशानं, म्हणजे सर्वेच्या गड्यानं, झेंडा धरायचा आणि आपण इकडून नेम धरायचा. यंत्राच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं. त्यामुळे आमचा सोमा झेंड्यासकट आभाळात चढत होता! प्रत्यक्षात तो डोंगर उतरत सुटला होता.

"हवा धूसर होण्याआधी कोन नाही मिला, तो तुम वापस नाशिक! नक्कल करो नकाशे!"

माझी नोकरी कच्ची होती. पक्की होणार होती ती या कोनावर. मी असा धावलो, की सावली मागाहून आली.

सोमा झऱ्यावर पालथा पडून पाणी पीत होता. झेंडा खांद्यावरच.

"काय झालं रे?"

"सापसुरळी चावली, भाऊसाहेब. ढिगातच हाय ती. तिच्या आधी पाणी पिलं तर माणूस जगतो. ती आधी पिली, की मेला."

"कोण जिंकलं?"

"मी. पण परत चावली तर? वर नाय जायाचा मी."

सापसुरळी बोटाएवढी, पितळेसारखी चकाकणारी. पाय असून नसल्यासारखे. तिला विष नसतं, हे मी त्याला इतक्यांदा सांगितलं की झरा आटायला आला. सोमा हलेना. शेवटी त्याच्याच कमरेचा पाण्याचा रिकामा भोपळा काढला, काठोकाठ भरला आणि त्याच्या गळ्यात अडकवला.

"घे. आता पाणीच तुझ्यापाशी. ती कशी जिंकते बघू."

सोमानं विचार केला आणि वर चढला. मी परत धावलो. धूसर व्हायच्या आत कोन मिळाला, आणि नोकरी पक्की झाली. सर्वेत यंत्राइतकंच माणसाचं भय नीट बसवावं लागतं, एवढं मी शिकलो.

दुसऱ्या दिवशी साहेब सोमाला झापायला स्वतः त्या शिखरावर आला. ढिगावर टेकला. आणि एकदम उडाला तो थेट गुजरातची हद्द बघून खाली आला. विजारीतून सापसुरळी सळकन निघून गेली.

सोमानं भोपळा पुढे केला. साहेबानं तो घटाघटा रिकामा केला, मिशा पुसल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "सब झूठ है. उसमें जहर नहीं होता."

"नसंल," सोमा म्हणाला. "पण पिलात ते बरं केलंत."