रस्ता वर येईपर्यंत

वडिलांचं तेरावं आटोपून मी कळमनुरीहून परत इंग्लंडला आले. त्यानंतर कितीतरी दिवस माझं जग म्हणजे खोली, ग्रंथालय आणि पुन्हा खोली. वडील शाळेत शिक्षक होते. शाळेची सहल दरवर्षी तेच ठरवत आणि मला गाडी लागते म्हणून मी दरवर्षी घरी पुस्तक घेऊन बसत असे. आता मी त्यांच्या वयाच्या माणसांकडे बघायचंही टाळत होते.

माझ्या घरात आणखी दोघी राहायच्या. एक औंढ्याजवळच्या तांड्यावरची, इथे वृद्धाश्रमात नर्स. दुसरी नरसीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, माझ्याच विद्यापीठात शिकणारी. एका रविवारी नर्सने माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. मास्तरांची लेक म्हणून ती मला मास्तरीणबाई म्हणायची.

"मास्तरीणबाई, किती दिवस अशी बसून राहणार?"

"जायचं कुठे?"

"ते तू ठरव. आमी डबे करतो. तू नेशील तिकडं येतो."

मी आयुष्यात कधी काही ठरवलं नव्हतं. पण त्या रात्री नकाशा उघडला आणि मिटवेना. किनाऱ्यापासून जरा आत समुद्रात एक छोटंसं बेट होतं. त्यावर जुना दीपस्तंभ होता आणि तिथवर जायला दगडी रस्ता. बस कुठे बदलायची, थंडी किती असेल, पाऊस आहे का, सगळं बघितलं. नरसीवालीने कॅलेंडर पाहून सांगितलं, "शुक्रवारी अमावास्या हाय. अमावास्येला घर सोडत न्हाईत." म्हणून आम्ही शनिवार धरला. मनात मला एकच धास्ती होती. ही सहल फसली, तर मी पुन्हा त्या खोलीतून बाहेर पडणार नाही. हे मी दोघींनाही सांगितलं नव्हतं.

शनिवारी दोन बस बदलून, गाणी म्हणत, खिडकीची जागा मिळवायला भांडत आम्ही दुपारी किनाऱ्यावर उतरलो. मला गाडी लागलीसुद्धा नाही. समोर दीपस्तंभ होता. बेट होतं. रस्ता मात्र नव्हता. दगडी रस्त्याची सुरुवात तेवढी दिसत होती, पुढे ती सरळ पाण्यात शिरत होती.

"मास्तरीण, रस्ता कुठं हाय?"

मी पुन्हा नकाशा बघितला. नकाशात रस्ता होता. कुत्र्याला फिरवणारे एक आजोबा थांबले आणि हसून म्हणाले, भरती आहे, संध्याकाळी रस्ता वर येईल.

नर्सने मान हलवली. "ऐकलं का? रस्ता वर येईल म्हणते म्हातारा. आमच्या तांड्यावर तर मंजूर झाला तरी येत न्हाई!"

आम्ही हसलो. बसच्या वेळा बघितल्या, तिथी बघितली; समुद्रालाही वेळ असते हे आम्हा तिघींपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. आमच्याकडे पाणी धरणात असतं नाहीतर विहिरीत, ते दिवसातून दोनदा रस्ता झाकायला येत नाही.

"जायचं का परत?" मी विचारलं.

"काहून? बसू की. भूक लागली," नर्स म्हणाली.

खडकावर चादर अंथरली. नरसीवालीने डबा उघडला: पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा. मी हात पुढे केला तर तिने अडवला.

"थांब. तुला घरी कडू घास कोणी दिला?"

आमच्याकडे घरात माणूस गेलं की त्या दिवशी चूल पेटत नाही. सोयरे भाकरी घेऊन येतात आणि घरच्यांना पहिला घास स्वतःच्या हाताने भरवतात. तो कडू घास. मी पोचले तोवर चूल पेटलेली होती. आईला, भावाला मिळाला होता. माझा राहून गेला होता.

"कोणीच नाही," मी म्हटलं.

तिने भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून माझ्या तोंडात घातला. नर्सने दुसरा घातला, जरा मोठाच. "खा गं लेकरू. रडायचं आसंल तर रड, पण ठेच्यानं रडू नको, लोक आम्हाला बोलतील."

मी रडले, हसलेही. आजोबांचं कुत्रं भाकरीकडे बघत बसलं होतं.

जेवण झालं, झोप झाली, आणि नर्स एकदम ओरडली, "आला! आला!"

पाण्यातून एक ओला दगड दिसत होता. मग त्याच्या शेजारचा. आम्ही उभ्या राहिलो. प्रत्येक लाट थोडी मागे जात होती आणि रस्ता जणू कुणी खालून उचलून धरत होतं, काळा, शेवाळाने माखलेला, चमकणारा.

"शेवटची बस चुकंल हां," नरसीवाली म्हणाली. "तू ठरव."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. अजून मधल्या भागात पाणी होतं. मी बूट काढले, सलवार गुडघ्यापर्यंत वर ओढली आणि चालायला लागले. पाणी बर्फासारखं गार होतं. मागून दोघींच्या किंकाळ्या येत होत्या. मीही ओरडत होते, माझा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. दीपस्तंभाच्या भिंतीला हात लावला तेव्हा तो दगड उन्हाने अजून उबदार होता. आम्ही तिथे थोडाच वेळ उभ्या राहिलो. मग हातात बूट घेऊन पळत सुटलो.

ड्रायव्हरने आम्हाला येताना पाहिलं आणि बस थांबवून ठेवली. दारातच मी धापा टाकत विचारलं, "पुढच्या शनिवारी कुठे?"

"आधी आत तर शीर," नर्स मला मागून ढकलत म्हणाली. "आन् पाय पूस."