भोईवाड्यातल्या झेंड्याची दोरी

आमच्या चाळीच्या दारावर आबांचा फ्लेक्स लागलाय, त्यातला माणूस तुम्ही ओळखता? खरं सांगा. मी सख्खी नात, मलाही आधी ओळखू आला नाही.

खांद्यावर तारे, डोक्यावर अधिकाऱ्याची टोपी, छातीवर दोन रांगा पदकं. वर आबांचा चेहरा चिकटवलाय, तोही माझ्या लग्नाच्या फोटोतून कापून. नीट बघा, कानामागे मंडपाची झालर दिसते. आणि आबांच्या दुप्पट चेहरा आमची चाळ पाडून टॉवर बांधणाऱ्या डेव्हलपरचा. विनम्र अभिवादन म्हणे!

लवू गोविंद घाडी फौजेत ड्रायव्हर होते. मालवणकडून विसाव्या वर्षी भरती झाले. पासष्टला आणि एकाहत्तरला ट्रक हाकला. जाताना पीठ, डाळ, रॉकेल न्यायचं, येताना जखमी आणायचे. लहानपणी आम्ही विचारायचो, "आबा, किती जणांना मारलंत?"

"माझ्या ट्रकाखाली एक कोंबो मेलो गो. तेच्या मालकिणीन माका अर्धो मैल पळवल्यान."

या माणसाला तुम्ही दुसऱ्याचे तारे लावलेत. लाज नाही वाटली?

फौजेतून सुटल्यावर गिरणी. ब्याऐंशीच्या संपात गिरणी गेली, मग शिवडीच्या गोदामावर वॉचमन, सत्तरीपर्यंत. संपानंतर भंगारातला एक पाईप खांद्यावर टाकून आणला आणि चाळीच्या चौकात स्वतः खड्डा खणून उभा केला. तेव्हापासून दर सव्वीस जानेवारीला तिथे झेंडा. दोरी कोण ओढणार ते आबा ठरवायचे, आणि नियम एकच: त्या वर्षी चाळीसाठी जो सगळ्यात जास्त राबला, तो. पुढारी आला तर त्याला खुर्ची मिळायची, चहा मिळायचा. दोरी नाही. एका वर्षी गटार उपसणारा दगडू होता. कोरोनानंतर शेजारच्या बिल्डिंगमधली नर्स ॲन्टोनेट.

ती म्हणाली, "आबा, माझा हात कापतोय."

"कापांदे गो. ज्याचो हात कापणा नाय, तो भाषण करता."

गेल्या नोव्हेंबरात, जायच्या चार दिवस आधी, आबांनी गॅलरीत सगळ्यांसमोर सांगितलं, "औंदा राधा."

राधा म्हणजे कोण, हे विचारू नका. तीन मजल्यांचे सामाईक संडास बावीस वर्षं धुते ती. जुलैत घाण पाणी वर आलं तेव्हा तुम्ही नाकाला रुमाल लावून वरून व्हिडिओ काढत होतात, ती खाली गुडघाभर उभी होती. आबांनी लेंग्याची नाडी काढली आणि कठड्याला बांधून तिला झेंड्याची गाठ शिकवली. पाकळ्या घडीत कशा ठेवायच्या, एका झटक्यात गाठ कशी सुटते, सगळं. शेवटचे चार दिवस म्हातारा तेच करत होता.

आमचा सेक्रेटरी निलेश तेव्हा तिथेच मान डोलवत होता. परवाच्या मीटिंगमध्ये तोच म्हणतो, "ताई, इमोशनल होऊ नकोस. चीफ गेस्ट डेव्हलपरसाहेब आहेत. राधाला नंतर साडी देऊ."

"साडी तुझ्या साहेबाला नेसव," मी म्हटलं. "आबांनी शब्द दिलाय."

"लेखी आहे का?"

आबांनी तुमच्याकडून कधी लेखी घेतलं होतं रे? तुझा बाप गेला तेव्हा खांदा द्यायला आधी अर्ज मागितला होता? खोलीत बावीस माणसं होती. बावीसही मोबाईलमध्ये बघत बसली. हो, तुम्हीच. नावं घेऊ का?

खाली राधा भेटली. म्हणाली, "ताई, भांडू नका. कमिटीने मला काढलं तर? ओढू दे साहेबांना." मग जिन्याचा कठडा पुसत हळूच म्हणाली, "गाठ पण मीच बांधून ठेवू का?"

म्हणजे बांधायची तिने आणि ओढायची त्याने. हे मी आबांच्या पाईपाखाली होऊ देणार नाही. पण एकटी बोलले तर मी भांडकुदळ ठरेन आणि राधाचं काम जाईल. बावीस बोललात तर कोणाकोणाला काढतील?

फ्लेक्ससमोर हात जोडू नका. फुलं आणू नका. सव्वीसला सकाळी आठ वाजता चौकात या, आणि निलेश माईकवर पाहुण्याचं नाव घेईल त्या क्षणी राधाचं नाव घ्या. मोठ्याने.