रुंद बुडाचा डिकँटर

आमच्या घरी वाइन आधी आली, डिकँटर नंतर. शनिवारी संध्याकाळी बायको आणि मी एकेक पेला घेतो. मला वाइनची अडचण नव्हती, टेबलावरच्या बाटलीची होती. माझा मामा दारूपायी गेला. तेव्हापासून आईचा नेम आहे : ज्या घरात दारू, तिथलं ती पाणीही पीत नाही. मी घरातला पहिला पदवीधर, म्हैसूरला चांगली नोकरी; तरी बाटली दिसली की मामाची खाट आठवायची. डिकँटरसारख्या काचेच्या देखण्या भांड्यात ओतली की सुटलो, असं वाटलं.

देवराज मोहल्ल्यातला दुकानदार इथल्याच जुन्या मराठी घरातला, बोलण्यात मधूनच कानडी. त्याला माझं दुखणं कुठून कळणार?

"जुन्या वाइनला चिंचोळा, सार. तिचा गाळ तळाला राहतो. नव्या वाइनला रुंद बूड. हवा लागून तुरटपणा जातो, अल्वा? पण धुणार कसा, ते आधी बघा."

मी ते काही बघितलं नाही. रुंद बुडाचा घेतला. गळ्यातून हात आत जाईना आणि तळाला लाल कडं धरलं.

रविवारी सकाळी आई पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आली. बायकोने गूळ-पाणी पुढे ठेवलं. आईने फुलपात्र उचललं आणि तिची नजर ओट्यावर गेली.

"ही कसली गं सुरई? आत लाल काय?"

सरबत म्हणता आलं असतं. बायको माझ्याकडे बघत होती.

"वाइन, आई. द्राक्षाची दारूच ती. शनिवारी आम्ही दोघं थोडी घेतो."

फुलपात्र खाली ठेवलं गेलं. बॅग अजून दारातच होती. ती उचलून आई निघाली तर काय करायचं, एवढंच माझ्या डोक्यात.

"तुमचा लेक पितो कमी, आई," बायको म्हणाली, "वासच जास्त घेतो."

"वास? औषध आहे का ते?" मग माझ्याकडे वळून, "कालची संपली?"

मी फ्रिजमधून बाटली काढून दाखवली. निम्मी होती.

"ही कधी पिणार?"

"पुढच्या शनिवारी."

आईने वाकून बाटलीतली पातळी निरखली. "तुझ्या मामाच्या बाटलीने कधी सकाळ बघितली नाही रे," ती म्हणाली.

मग पदर खोचून उठली. "मूठभर तांदूळ आण. तेलाची बाटली कधी धुतली नाहीस वाटतं?" तांदूळ आणि कोमट पाणी घालून तिने डिकँटर गरगर फिरवला. लाल कडं सुटलं. तो पालथा घालून तिने हात पुसले.

"सणावाराला मात्र नाही हं."

"नाही, आई."

तिने फुलपात्र उचललं आणि वरून धार धरून सगळं पाणी प्यायली. मी तिची बॅग आत नेली.