अस्वलाचा दुसरा भाग

जालन्यात बियाण्यांच्या एका कारखान्यात नोकरीला लागलो तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. आष्टीहून आलेलो, एमआयडीसीजवळ खोली करून एकटाच राहायचो. आठवडाभर प्रयोगशाळेत ओल्या कागदावर उगवलेले कोंब तपासायचे, धड कोणते आणि वेडेवाकडे कोणते ते वेगळे काढायचे, हे माझं काम. रविवारी सुट्टी असायची आणि ती कशी घालवायची ते मला कळायचं नाही. असाच फिरता फिरता मी एका सीडी लायब्ररीत शिरलो.

लायब्ररी चालवणारा माझ्याच वयाचा होता. मारवाडी कुटुंबातला धाकटा. घरचा धंदा कापडाचा, त्यातलाच अर्धा गाळा त्यानं मागून घेतला होता. सगळे त्याला शेठ म्हणायचे, मीही म्हणू लागलो. त्याला एकच वेड होतं. अमेरिकेतला एक स्टुडिओ कॉम्प्युटरवर कार्टून पिक्चर काढायचा, त्याची एकूण एक डिस्क शेठनं जमवली होती. रविवारी दुपारी तीनला अर्धं शटर ओढून तो त्यातला एखादा पिक्चर लावायचा. बघायला आम्ही तिघंच. शेठ, मी आणि अंबडहून एसटीनं येणारे एक चित्रकलेचे शिक्षक.

सर पन्नाशीचे होते. बारीक, उंच, पांढऱ्या शर्टाच्या खिशात कायम दोन पेन्सिली. पहिल्याच रविवारी त्यांनी मला एक पिक्चर बघायला नाही, वाचायला शिकवला. त्यात घड्याळं दुरुस्त करणारं एक म्हातारं अस्वल होतं आणि शेजारी एक बडबडी बदकीण. अस्वल खुर्चीवर बसतं त्या जागी सरांनी शेठला पिक्चर थांबवायला लावला.

"खुर्ची बघ," ते मला म्हणाले. "अस्वल बसायच्या आधी खुर्ची जराबी वाकली न्हाई. बसल्यावर मंग वाकली. आणि ते उठल्यावर किती वेळानं सरळ झाली? ज्यानं हे काढलं त्यानं वजन म्हंजे काय ते हातानं तोलून पाह्यलंय."

मी आयुष्यात खुर्चीकडं असं कधी बघितलं नव्हतं. सोमवारी कामावर गेलो तर कोंबसुद्धा वेगळे दिसू लागले. ते दिवस मला अजून आठवतात. एक पिक्चर संपवायला आम्हाला दोन-दोन रविवार लागायचे, कारण सर सारखं थांबवायचे.

पहिली काही वर्षं त्या स्टुडिओचा प्रत्येक पिक्चर नवा असायचा. नवी माणसं, नवं गाव, नवी गोष्ट. मग अस्वलाचा दुसरा भाग आला. त्यानंतर दुसऱ्या एका पिक्चरचा दुसरा भाग आला. मग पेपरच्या पुरवणीत बातमी आली की अस्वलाचा तिसरासुद्धा करणार आहेत. माझं डोकं फिरलं. एवढी मोठी कलाकार मंडळी, आणि तेच अस्वल पुन्हा पुन्हा दळत बसणार!

शेठ मधल्या मध्ये राहायचा. "लोक मागतात, ते देतात," एवढंच म्हणायचा. पण सर मात्र खूश झाले होते. दर रविवारी मला विचारायचे, तिसऱ्या भागाचं काही आलं का पेपरात? मला ते सहन होईना. ज्या माणसानं मला बघायला शिकवलं, तोच आता उष्टं मागून राहिला होता.

आमची भांडणं सुरू झाली. मी म्हणायचो, "सर, दुसऱ्या भागात काय होतं सांगा बरं नवीन? अस्वल शहरात गेलं आणि परत आलं."

"ओळखीचं माणूस पुन्हा भेटलं तर वाईट वाटतं का तुला?"

"माणूस आणि पिक्चर एकच का?"

"मला तर एकच वाटायलेत आता," ते म्हणायचे.

त्याच सुमारास स्टुडिओचा एक अगदी नवा पिक्चर आला. ओसाड बेटावरच्या दीपगृहात एकटीच राहणारी एक मेंढी. पहिला अर्धा तास पडद्यावर कुणी एक शब्द बोलत नाही. नुसता समुद्र, वारा आणि तिचं वर-खाली करणं. मला तर वाटलं, इतकं सुंदर काही आपण बघितलंच नाही. सर टीव्हीच्या अगदी जवळ, गुडघे टेकतील इतक्या जवळ बसले होते. एकदाही त्यांनी थांबवायला सांगितलं नाही. वीस मिनिटांनी उठले आणि म्हणाले, "यात काही न्हाई. मी जातो, गाडी चुकंल माझी." गाडीला अजून दीड तास होता.

मला राग आला. त्या रागातच मी जालन्याच्या एका दैनिकाला पत्र लिहिलं. स्टुडिओचं कौतुक केलं, मेंढीचं केलं, आणि शेवटी लिहिलं की दुसऱ्या-तिसऱ्या भागाची वाट बघणाऱ्यांना नव्याची भीती वाटते, डोळे उघडे ठेवून बघायचे कष्ट त्यांना नको असतात. इथवर ठीक होतं. पण पुढं मी लिहिलं, 'माझ्या ओळखीचे अंबडचे चित्रकलेचे एक शिक्षकही त्यातलेच.'

पत्र छापून आलं. पुढच्या रविवारी सर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. शेठनं पेपर माझ्यासमोर ठेवला. एरवी कुणाला दुखावेल असं बोलायचा नाही तो. त्या दिवशी म्हणाला, "शिक्षकाचं लिहायची काय गरज होती? पूर्ण अंबडात असा एकच माणूस आहे."

तिसऱ्या रविवारी मी अंबडला गेलो. घर विचारत विचारत सापडलं. दार सरांच्या पत्नीनं, काकूंनी उघडलं. मी नाव सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "पत्र तुमचंच का?"

मी मान हलवली.

"मीच वाचून दाखवलं त्यांना," काकू म्हणाल्या. "शेवटची ओळ आधी मीच वाचली मनात. सोडून देणार होते. पण ते म्हणले, पुढं काय हाये ते वाच."

वाचून का दाखवावं लागलं, हे मला तिथंच उंबऱ्यात कळायला हवं होतं. कळलं नाही. आत गेलो तर सर खिडकीपाशी पलंगावर बसले होते. मी समोर उभा राहिलो आणि त्यांनी चेहरा माझ्या आवाजाच्या अंदाजानं थोडा चुकीच्या बाजूला वळवला. समोर स्टुलावर डोळ्यांत टाकायच्या औषधाच्या तीन बाटल्या होत्या.

काचबिंदू होता. दोन वर्षांपासून. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग मधलंही अंधूक होत गेलं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकली तर टिकली, असं जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. शाळेत त्यांनी हे लपवून ठेवलं. पोरांची चित्रं नाकाजवळ धरून बघायचे. आता स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला होता.

मी खाली बसलो. म्हणालो, "सर, मला सांगायचं तरी."

"काय सांगू? चित्रकलेच्या मास्तरला दिसत न्हाई म्हनून?" ते म्हणाले. मग अगदी हळू, "त्या अस्वलाचा चेहरा माझ्याजवळ हाये. ते बोललं का मी त्याला इथं काढतो." त्यांनी कपाळावर बोट ठेवलं. "त्याची खुर्ची, ती बदकीण, ती गल्ली, सगळं हाये माझ्याजवळ. नवा पिक्चर लागला का सगळे अनोळखी. आणि तुझी ती मेंढी तर बोलतच न्हाई."

मला रडू आलं. काकूंनी चहा आणला, तो मी तसाच धरून बसलो. थोड्या वेळानं म्हणालो, "मी पेपरला दुसरं पत्र लिहितो. माफी मागतो."

"मत बदललं का तुझं?"

मी विचार केला. खोटं बोलायची हिंमत झाली नाही. "न्हाई सर."

"मंग कशाला लिहितो? दुसऱ्या भागात अस्वलाची चाल बिघडली, ते मला बराबर दिसलं होतं. तवा दिसत होतं. तू चूक लिहिलं न्हाईस. माझं तेवढं लिहायला नको होतं."

दुसरं पत्र मी लिहिलं नाही. पुढच्या रविवारी शेठकडून मेंढीची डिस्क आणि त्याचा जुना प्लेअर घेतला आणि मोटारसायकलवर बांधून अंबडला नेला. सरांना म्हणालो, मी सांगतो, तुम्ही ऐका.

सुरुवात अगदी वाईट झाली. मी म्हणालो, "मेंढी आली. जिना चढून वर गेली."

"कशी आली?" सर म्हणाले.

"म्हंजे, चालत."

"चालत तर येईलच. कोणता पाय आधी टाकला? मान खाली का वर? थकून आली का रोजच्या कामाला आली?"

मी पिक्चर मागं घेतला. पुन्हा बघितलं. पुन्हा घेतला. मग दिसलं की ती प्रत्येक पायरीवर उजवा खूर दोनदा टेकवते, पहिल्यांदा चाचपून आणि दुसऱ्यांदा भार टाकून. हे आधी चार वेळा बघूनही मला दिसलं नव्हतं. सांगितल्यावर सरांनी मान हलवली. "तिच्या पायाला कधीतरी लागलेलं हाये. पुढं येईल बघ." आणि खरंच पुढं आलं.

अर्ध्यात वीज गेली की आम्ही तिथंच थांबायचो. पिक्चर संपायला चार रविवार लागले. काकू भाजी निवडत मागं बसायच्या. कार्टून त्यांनी आधी कधी बघितलं नव्हतं. जहाज न थांबता निघून जातं त्या जागी मी म्हणालो, "ती घाबरली." काकूंनी हातातली गवार खाली ठेवली.

"घाबरली न्हाई," त्या म्हणाल्या. "लाज वाटली तिला. आपण येड्यासारखं वाट बघत होतो म्हनून."

सरांनी काकूंच्या दिशेनं हात पुढं केला, काकूंनी तो धरला. मी पडद्याकडं बघत राहिलो.

शेवटच्या रविवारी सरांनी पाटीएवढा कागद मागितला. कागदाची कड डाव्या हातानं धरून त्यांनी मेंढी काढली. रेघा एकमेकांवरून गेल्या होत्या, एक पाय अंगापासून सुटला होता. "तशीच हाये का?" त्यांनी विचारलं.

लांब कानांची, काळ्या तोंडाची, काटक अंगाची ती मेंढी होती. आष्टीच्या बाजारात बांधलेली असते तशी. पिक्चरमधली पांढरी आणि गुबगुबीत.

"न्हाई सर," मी म्हणालो. "ही आपल्याकडची हाये."

सर म्हणाले, "मंग राहू दे."

निघताना काकूंनी तो कागद घडी न घालता मला दिला.

अस्वलाचा तिसरा भाग दोन वर्षांनी आला. तोवर सरांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. शेठचं दुकान बंद होत आलं होतं. लोक डिस्क न्यायचे थांबले होते आणि तो घरच्या कापडात परत गेला होता. पिक्चर बघायला औरंगाबादला जायला त्यानंच गाडी काढली. थेटरात सर आणि काकू मधे बसले, कडेला आम्ही दोघं. मी हळू आवाजात सांगत होतो. थोड्या वेळानं सरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, म्हणजे आता थांब. मग ते डोळे मिटून नुसते ऐकत राहिले.

बाहेर आल्यावर ऊन कडक होतं. काकूंनी सरांचा हात धरला होता. सरांनी मला विचारलं, "आवडला का?"

"न्हाई," मी म्हणालो. "गोष्टच न्हाई त्यात."

"गोष्ट न्हाईच," सर म्हणाले. "पन आवाज देणारा माणूस म्हातारा झालाय. बोलताना दम लागून राह्यलाय त्याला. ते कुणी काढलेलं न्हाई, खरं हाये."

मला ते ऐकू आलं नव्हतं. आम्ही गाडीत बसलो. बदनापूरपर्यंत मी तो आवाज आठवून बघत होतो.