प्रीतिभोजनातली भाकर

लातुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई संध्याकाळी ज्वारीच्या भाकरी थापून विकते. काल तिथून जाताना तव्यावर किंचित करपलेल्या पिठाचा वास आला आणि मी हातातल्या पिशवीसकट थबकले. पुढची काही मिनिटं मी लातुरात नव्हतेच. नायगावकडच्या आमच्या खेड्यात, पत्र्याच्या छपराच्या चर्चमागे, चुलीपाशी उभी होते.

त्या चुलीवर मावशींचं राज्य होतं. घरोघर जाऊन बायबल वाचून दाखवणाऱ्या या बाईंना सारी मंडळी मावशीच म्हणायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर प्रीतिभोजन, म्हणजे सगळ्यांची एकत्र पंगत असे आणि त्यातला शिरा कैक वर्षं त्यांच्याच हातचा. रवा तुपात परतायला घेतला की आत प्रवचन ऐकणाऱ्यांचं चित्त उडे. पाळकसाहेबही मग आवरतं घ्यायचे, असा माझा पक्का संशय आहे.

माझ्या आईला शुगर. एका पायाचा अंगठा आधीच काढलेला, त्यात टाचेला नवी जखम. खाणं सांभाळलं नाही तर पाय वाचायचा नाही, असं नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलेलं. घरी ती अगदी गुणाची, चहासुद्धा बिनसाखरेचा. प्रीतिभोजनात मात्र शिरा दोनदा मागून घ्यायची. मी डोळे वटारले की शांतपणे म्हणे, "प्रार्थना करून वाढलेलं हाय. ते बाधत न्हाई." आता या श्रद्धेशी भांडायचं तरी कसं?

मी मूळची तोंडाळ. एका रविवारी तणतणत मावशींकडे गेले आणि तुमचा शिरा माझ्या आईचा पाय घेणार, असं नको ते बोलून बसले. त्या पदराला हात पुसत राहिल्या. घरी परतताना माझी मलाच लाज वाटली.

पुढच्या महिन्यात पंगत बसली तर शिऱ्याचं पातेलंच कुठे दिसेना. टोपल्यांत भाकरी, सोबत अंबाडीची भाजी, घट्ट वरण, कांदा. शिरा म्हणजे तासाभराचं काम. एवढ्या माणसांच्या भाकरींसाठी मावशी तांबडं फुटल्यापासून परातीपुढे बसल्या होत्या. तळहात लालबुंद झाले होते. पंगतीत कुजबुज सुरू झाली. एक आजोबा तर बोललेच, की हे रोज घरी खातो, याला प्रीतिभोजन कसं म्हणायचं. आईनं ताटाला हात लावला नाही. माझ्याकडे मात्र असं पाहिलं, की मी खांबाआड सरकले.

मावशी पंगतीच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. "रोज देवापाशी काय मागतो आपण? 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.' भाकरच मागतो ना. शिरा मागितला का कधी कुणी?"

मग त्या आईसमोर उकिडव्या बसल्या. आवाज एकदम खाली आला. "तुला सोसत न्हाई, ठावं असून वाढत राहिले मी. लोक तारीफ करायचे, मला लई बरं वाटायचं. माफ कर, बाई."

मी थक्क होऊन पाहत राहिले. जन्मभराचं कौतुक या बाईनं सगळ्यांदेखत चुलीत घातलं होतं, तेही कुणी भाग न पाडता. एवढं मोठं मन मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही क्वचितच. आईनं भाकरीचा तुकडा मोडला. आजोबांनी कांदा फोडला आणि आणखी एक भाकर मागितली.

जखम भरायला पुढे बरेच महिने लागले. औषधं, रोजची मलमपट्टी, सगळंच होतं. पण पाय राहिला. मावशी आता नाहीत. प्रीतिभोजनाला अजून भाकरच असते, घराघरांतून आलेली, कुठे जाड, कुठे पातळ. शिरा फक्त नाताळला, तोही चमचाभर. आई तेवढाही घेत नाही.

ती अजून दोन्ही पायांवर चालत चर्चला जाते. मी गावी असले की तिच्या शेजारी उभी राहते. सगळे एका सुरात तीच प्रार्थना म्हणत असतात आणि भाकर हा शब्द आला की आईचा आवाज इतरांपेक्षा थोडा वर चढतो.