दूध आणायला गेलेले अप्पा

आजच्या शोकसभेत वक्ते म्हणाले, अप्पांबरोबर एक पर्व संपलं. माझ्या वडिलांचा तर दारातला निरोपसुद्धा तासभर संपत नसे.

घरी आले, तर फिल्टर कॉफीच्या डिकॉक्शनचा वास. बसवेना, दारात जाऊन येरझारा घालू लागले. मला बघायला मंडळी आली होती, तेव्हाही अशीच येरझारा घालत होते. डिकॉक्शन तयार होतं आणि अप्पा कोपऱ्यावर दूध आणायला गेलेले.

“अय्यो, भेटलं असेल कुणी!” आई कुजबुजली. “तुझं लग्न राहिलं बाजूला.”

अखेर अप्पा आले. सोबत पापनाशमच्या बससाठी ताटकळलेलं एक अनोळखी कुटुंब.

“उन्हात उभे होते गं. यांनाही कॉफी दे!”

तेव्हा मी संतापले. आता वाटतं, तसेच पुन्हा यावेत.

दूध मात्र त्यांनी आणलंच नव्हतं.