मागच्या खोलीतला वॉर्ड

नोझुको म्बेक्वा चौतीस वर्षं सरकारी हॉस्पिटलात होती, त्यातली शेवटची अकरा मेट्रन म्हणून. ती वॉर्डात शिरली की पेशंट आपोआप सरळ होऊन निजत. कण्हणारे कण्हायचे थांबत. एकदा एका म्हाताऱ्यानं तिच्या बुटांचा आवाज ऐकून घाईघाईनं थर्मामीटर तोंडात धरला, आणि तिनं तो काढून पाहिला तर ते बॉलपेन होतं. अशी बाई निवृत्त झाली म्हणजे काय, तर हॉस्पिटलानं सुटकेचा निःश्वास टाकला. दक्षिण आफ्रिकेतल्या म्दान्त्साने वस्तीतल्या आपल्या घरात ती एकटीच राहायची. लग्न केलं नव्हतं. गल्लीतली माणसं, अगदी टॅक्सीवालेसुद्धा, तिला मेट्रनच म्हणत.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात तिचा उजवा गुडघा दुखायला लागला. तिनं कुणाला सांगितलं नाही. आजारी पडणं हे पेशंटांचं काम, असं तिचं साधं मत होतं. पंचाईत व्हायची ती गुरुवारी. चर्चच्या बायकांचं मन्यानो मंडळ दर गुरुवारी दुपारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमायचं. लाल ब्लाउज, काळा स्कर्ट, पांढरी टोपी घालून सगळ्याजणी गुडघे टेकायच्या. टेकायला नोझुकोला जमायचं, उठायला जमायचं नाही. मग ती भजनाचं पुस्तक खुर्चीखाली पडल्याचं नाटक करून तिथंच चाचपडत बसायची. मंडळाची अध्यक्षीण माम्बेले ही तिची चाळीस वर्षांची मैत्रीण. ती म्हणायची, "नोझुको, तुझं पुस्तक दर गुरुवारी पडतंय. दोरी बांध त्याला."

हे दुखणं वर्षभरानं ओळखलं ते फिकिलेनं. फिकिले हॉस्पिटलची रुग्णवाहिका चालवायचा, तोही आता घरी बसला होता. दुकानाच्या पायऱ्या नोझुको खेकड्यासारखी आडवी उतरताना त्यानं पाहिलं.

"मेट्रन, उजवा ना?"

"काय उजवा?"

"गुडघा. वीस वर्षं माणसं उचलून गाडीत घातलीत मी. चाल बघून सांगतो."

"तू तुझं गिअर बघ."

पण फिकिले तिला घाबरणाऱ्यांतला नव्हता. दोन दिवसांनी तो एक डबी घेऊन आला. आत हिरवट मलम होतं, घरच्या गांजाचं, तेलात उकळून केलेलं. नोझुकोनं आधी त्याला दारातच पंधरा मिनिटं सुनावलं. मग डबी ठेवून घेतली. आठ दिवसांनी तीच त्याच्या घरी गेली.

"संपलं," ती म्हणाली.

"आणखी देतो."

"तू हे कसं करतोस ते मला माहीत आहे, फिकिले. ज्या हातानं कुत्र्याला कुरवाळतोस त्याच हातानं ढवळतोस. डबीत केस होता. मला रोप दे. माझं मी बघीन."

कायद्यानं मोठ्या माणसाला आपल्या घरात, लोकांच्या नजरेआड, स्वतःपुरतं लावायला आता मोकळीक होती. नोझुकोनं तो कायदा दोनदा वाचला आणि "नजरेआड" या शब्दाखाली पट्टीनं रेघ मारली. पोलिसांची तिला भीती नव्हती. भीती होती ती पांढऱ्या टोप्यांची.

बी पेरायचं नाही, फांद्या लावायच्या, असं फिकिलेनं सांगितलं. बियांतून नर निघाला तर मेहनत वाया. चांगल्या मादी झाडाची फांदी कापून लावली की आई तशीच लेक. नोझुकोनं रबरी हातमोजे चढवले, तोंडाला मास्क बांधला, आणि फिकिलेच्या मोरीत उभं राहून नव्या ब्लेडनं पाच फांद्या तिरक्या कापल्या. फिकिले झाड धरून उभा होता.

"हलवू नकोस तिला."

"मेट्रन, हे झाड आहे."

"आत्ता ती पेशंट आहे. आणि तू हात धुतलेस का?"

मागच्या खोलीत अतिदक्षता विभाग सुरू झाला. केकच्या प्लास्टिकच्या पारदर्शक डब्यात ओल्या काथ्याच्या गोळ्यांत पाच फांद्या, वर झाकण, आत दमट हवा. खिडकीला काळं कापड. दारावर आतून तक्ता: तारीख, वेळ, उष्णता, ओलावा, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात पहिले आठ दिवस रोज एकच वाक्य होतं, "प्रकृती स्थिर, काळजीचं कारण आहे." नवव्या दिवशी पाच नंबर मान टाकून गेली. नोझुकोनं तक्त्यावर मृत्यूची वेळ लिहिली आणि कारणासमोर लिहिलं, "फिकिलेनं हलवली."

अकराव्या दिवशी दोन नंबरच्या गोळ्यातून पांढरं मूळ बाहेर आलं. सुतासारखं, अर्धा इंच. चौतीस वर्षांत किती बाळं तिच्या हातांवर आली असतील, पण त्या सकाळी ती चहा करायचं विसरून मांडी घालून डब्यासमोर बसली, आणि मग एक तास तिला उठता आलं नाही.

चौघी कुंड्यांत गेल्या. फिकिलेनं जांभळट उजेडाचा दिवा टांगला, हवा खेचायचा पंखा आणि वास गिळणारा कोळशाचा डबा बसवला, वीज जाईल तेव्हासाठी बॅटरी जोडली. दिवसाचे अठरा तास उजेड, सहा तास झोप. झाडं सरसरून वाढली. शेंडे दिव्याला टेकायला लागले तेव्हा नोझुकोनं ते हळूच वाकवून बँडेजच्या पट्ट्यांनी कुंडीच्या कडांना बांधले. खोलीत शिरणाऱ्याला वाटावं, चार जणींची हाडं मोडून त्यांना वजनं लावून ठेवलंय. तिचं बोलणंही वॉर्डातलंच. "चला, पाय सरळ. आज पाणी प्यायलात का? तीन नंबर, नाटकं नकोत."

शेजारच्या घरात माम्बेले राहायची, आणि मधली भिंत एका विटेची होती.

फुलं यायची तर झाडांना बारा तास उजेड आणि बारा तास मिट्ट काळोख लागतो, आणि त्या काळोखात मेणबत्तीएवढाही उजेड घुसला तर त्यांचं डोकं फिरतं, बाईपणा सोडून नरासारखे परागाचे घोस काढायला लागतात. थंडीत रात्री दिव्याची ऊब मिळावी म्हणून नोझुकोनं त्यांची दिवसरात्र उलटी केली. संध्याकाळी सातला उजेड, सकाळी सातला काळोख. म्हणजे भर दुपारी चौघी गाढ झोपलेल्या. आणि त्या महिन्यात गुरुवारची पाळी नोझुकोच्या घरी आली.

बायका जमल्या, भजन रंगात आलं, आणि एकीनं बाथरूम समजून मागच्या खोलीच्या दाराच्या मुठीला हात घातला. नोझुको ओरडली, "तिकडे नको! झोपलेत!"

भजन जागच्या जागी थांबलं. आदरानं "झोपलेत" म्हणावं असं त्या घरात कुणीच नव्हतं.

"कोण झोपलेत?" माम्बेलेनं विचारलं.

नोझुकोला आयुष्यात थापा मारायची सवय नव्हती, त्यामुळे मारली ती वाईट मारली. "पाहुणे," ती म्हणाली. "रात्रपाळी असते त्यांना."

"त्यांना," माम्बेले म्हणाली, आणि बाकीच्या सात टोप्या एकमेकींकडे वळल्या.

त्या दिवसापासून गल्लीला काम मिळालं. संध्याकाळी मागच्या खोलीचं दार उघडलं की जांभळा उजेड दिसतो, तो कसला? माणूस टीव्ही बघत असणार. दिवसभर घूंऽऽ असा आवाज येतो, तो कसला? घोरतो. फिकिले मोठाले पाइप घेऊन आत गेला होता, ते कशाला? त्याला दम्याचा आजार असणार. आणि भिंतीपलीकडून माम्बेलेनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, "आज किती सुंदर दिसताय तुम्ही!"

"चौसष्टाव्या वर्षी," माम्बेले टोपी नीट करत म्हणायची. "आणि मला, मला एका शब्दानं सांगितलं नाही."

तिनं फोन केला नोझुकोच्या धाकट्या भावाला, वुयिसिलेला. तो बटरवर्थजवळच्या गावी असायचा. बहिणीच्या लग्नाची आणि रीतीप्रमाणे नवऱ्याकडून मुलीच्या घरी येणाऱ्या गुरांची आशा त्यानं तीस वर्षांपूर्वीच सोडली होती. फोन ठेवल्याबरोबर त्यानं कोट झटकला आणि पुढच्या गुरुवारी, प्रार्थना सुरू व्हायच्या आधीच, तो नोझुकोच्या दारात हजर झाला.

"सिसी," तो ताईला गंभीर आवाजात म्हणाला, "मी त्यांना भेटायला आलोय."

"कुणाला?"

"लपवू नकोस. मी रागावलेलो नाही. फक्त त्यांची माणसं बोलणी करायला कधी येणार तेवढं सांग. मी आठ गुरं म्हणणार आहे. ते वयावरून घासाघीस करतील, पण मेट्रन आहेस तू, सहाच्या खाली मी येत नाही."

"वुयिसिले, तुला ऊन लागलंय का?"

तेवढ्यात लाल ब्लाउज आत यायला लागले. एक, दोन, पाच, आठ. आज कुणाच्या हातात भजनाचं पुस्तक नव्हतं. माम्बेले पुढे झाली.

"नोझुको, आम्ही सगळं ठरवलंय. चर्चच्या पाळकांना अजून कळवलेलं नाही. त्यांना बाहेर बोलाव, ते कोण आहेत ते आम्हाला बघू दे, म्हणजे सगळं रीतसर करता येईल. मी टोपीसुद्धा घेतलीय, लग्नासाठी."

"दार उघडता यायचं नाही. संध्याकाळी सातनंतर या."

"सातनंतर ते कामाला जातात!"

"ते... हे बघ, उजेड चालत नाही."

"डोळ्यांचाही आजार आहे का त्यांना?" वुयिसिले हळहळला. "मग पाच गुरांपर्यंत खाली यावं लागेल मला."

माम्बेलेनं आणखी वाट पाहिली नाही. ती नोझुकोला बाजूला सारून मुठीकडे गेली. नोझुको तिला अडवायला धावली असती, पण गुडघ्यानं दगा दिला, आणि तिला ओरडण्यापलीकडे काही करता आलं नाही: "शिरायचंच असेल तर सगळ्याजणी शिरा आणि दार लावा! आधी दार लावा!"

तो आवाज मेट्रनचा होता. आठही बायका आणि वुयिसिले मुकाट आत शिरले आणि त्यांनी दार लावून घेतलं. पाठोपाठ नोझुको भिंत धरत आत आली. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. पंखा घूंऽऽ करत होता. कुणीतरी कुणाच्या तरी पायावर पाय दिला.

"नमस्कार," वुयिसिले काळोखाला म्हणाला. "मी हिचा भाऊ."

काळोख काही बोलला नाही.

"लाजतायत," एक बाई कुजबुजली.

माम्बेलेनं हात पुढे करून चाचपलं आणि किंचाळली. "अगंबाई! दाढी! केवढी ही दाढी! आणि चिकट! नोझुको, तू नर्स ना? या माणसाला अंघोळ घाल की गं!"

"सोड," नोझुको म्हणाली. "ती तीन नंबर आहे."

"तीन? तिघं आहेत की काय?"

कोपऱ्यात नोझुकोनं एक मिणमिणता हिरवा बल्ब लावून ठेवला होता. झाडांना तो उजेड बाधत नाही असं फिकिलेचं म्हणणं. तिनं बटण दाबलं. हिरव्या उजेडात आठ टोप्या, एक कोट, आणि मधोमध बँडेजनं बांधलेली, कमरेएवढी चार झाडं दिसली. फांदीफांदीवर मुठीएवढे केसाळ, चमचमते तुरे. त्यातला एक अजून माम्बेलेच्या मुठीत होता.

मग वुयिसिले खालच्या आवाजात म्हणाला, "म्हणजे गुरं नाहीत."

एका बाईनं तक्ता वाचला. "दोन नंबर, भूक उत्तम." तिला हसू आवरेना. ते पसरत पसरत खोलीभर झालं. एक बाई तर भिंतीला टेकून खाली बसली. फक्त माम्बेले हसली नाही. तिनं मूठ सोडली, हाताचा वास घेतला आणि विचारलं, "हे कशासाठी?"

"गुडघ्यासाठी."

"कुणाच्या?"

नोझुकोनं भिंत घट्ट धरली. माम्बेलेनं त्या हिरव्या उजेडात तिच्याकडे पाहिलं. एक हात भिंतीवर, एक पाय अधांतरी.

"कधीपासून?"

"दोन हिवाळे."

"फिकिलेला माहीत होतं?"

"त्यानं ओळखलं."

"दर गुरुवारी तुझं पुस्तक पडायचं," माम्बेले म्हणाली. "आणि मी वर तुझी टिंगल करायचे. माझ्या नवऱ्याच्या आजारपणात तू माझ्याकडे सहा आठवडे जमिनीवर झोपलीस, आणि स्वतःचा एक गुडघा मला दाखवला नाहीस. झाडांचं मी पाळकांना काय सांगायचं ते सांगीन. याचं मला तू सांग."

नोझुको म्हणाली, "दुखतो गं. फार दुखतो," आणि कुंड्यांच्या मधे उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून रडली. वुयिसिले कोटाच्या खिशात रुमाल शोधायला लागला. बायकांनी उभ्याउभ्याच भजन धरलं, हळू आवाजात, कारण झाडं झोपली होती.

पाळकांनी तीन महिने नोझुकोचा लाल ब्लाउज काढून घेतला, म्हणजे तेवढे दिवस ती मंडळाबाहेर. माम्बेलेनं भांडून ते सहा आठवड्यांवर आणलं. तिचा मुद्दा असा होता की कायदा मोडलेला नाही, फक्त थाप मारली आहे, आणि थापेला एवढी शिक्षा लावायची तर अर्ध्या मंडळाला ब्लाउज उरणार नाहीत. चार आठवड्यांनी झाडं कापली. तीन नंबरला मात्र जागोजागी बिया भरल्या होत्या. आठ जणींनी दार उघडलं तेव्हाच्या उजेडानं ती बिघडली, असं नोझुको म्हणते. माम्बेले म्हणते, दाढी उपटल्यावर कुणीही बिघडेल.

मलम झालं, गुडघ्याला थोडं बरंही वाटलं, पण माम्बेले तेवढ्यावर थांबली नाही. तिनं नोझुकोला ओढून हाडांच्या डॉक्टरकडे नेलं, रांगेत तिच्या शेजारी बसली, आणि वसंतात तिचं नाव ऑपरेशनच्या यादीत लागलं. वॉर्डात पहिल्याच दिवशी नोझुकोनं दोन नर्सना चादरीचे कोपरे पुन्हा घालायला लावले आणि तिसरीला रडवलं. चौथी नर्स, जेमतेम चोविशीची, तिच्या उशाशी येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"म्बेक्वाबाई," ती म्हणाली, "इथं पेशंट तुम्ही आहात. पाय सरळ करा."

नोझुकोनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि पाय सरळ केले.